आमच्या न्यासाचा पैसा कोठे जातो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाने वास्तुनिधीसाठी आमच्या कुटुंबाच्या न्यासाकडे अर्ज केला आहे. त्याचे उत्तर "नाही" असे आहे. ते टपालाने पाठवावे असे आमच्या धाकट्या दिरांचे म्हणणे होते; परंतु जिथे मी दर संक्रांतीला वाण लुटते तिथे टपालाने "नाही" कळवणे मला बरे वाटले नाही. चिटणीसबाईंनी आज दानधर्मावर बोलावयास सांगितले, म्हणून नकार आणि त्याची कारणे दोन्ही एकदमच सांगून टाकते. राग आला तर चहाच्या वेळी बोलून घ्यावा.

आमचा न्यास लहान आहे. नगर रस्त्याकडेची जमीन गेली तेव्हा मामंजींनी मुलांचे वाटे करून एक वाटा बाजूला ठेवला आणि सांगितले, "हा कोणाचाच नाही." त्याची रीतसर नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झाली. ठेव मोडायची नाही, व्याज वाटायचे. ते वर्षाला चार लाखांच्या आसपास येते. करमाफी हवी तर न्यासाने उत्पन्नातले निदान ८५ टक्के आपल्या कामासाठी खर्च करावे असा सर्वसाधारण नियम आहे, तेव्हा पैसे धरून बसण्याची सोय नाही. आणि चार लाख म्हणजे किती, हे ज्यांच्या घरात अलीकडे कोणी दवाखान्यात होते त्यांना सांगायला नको.

पहिल्या बैठकीत भांडणच झाले. थोरल्या दिरांना वाघेश्वराच्या देवळासाठी द्यायचे होते. नणंदबाईंना सासूबाईंच्या नावाने काही तरी उभे करायचे होते, काय ते ठरले नव्हते; संगमरवरी पाटी मात्र ठरली होती. जाऊबाई म्हणाल्या, दारात येईल त्याला द्यावे, विचारू नये. मला यांतले एकही म्हणणे चुकीचे वाटत नव्हते आणि हीच अडचण होती. वाईट कामाला नाही म्हणणे सोपे असते.

देवळाचा प्रश्न मामंजींनीच सोडवला. ते म्हणाले, "वाघेश्वराला देणारे हजार हात आहेत. आपण नाही दिले तर त्याचा दिवा विझणार नाही. ज्याचा विझेल त्याला द्या." पुढे दर अर्जाला आम्ही हाच एक प्रश्न विचारू लागलो: आम्ही दिले नाही तर हे काम अडेल का? भगिनींनो, आपल्या वास्तुनिधीला याच प्रश्नाने अडवले. आपल्यात निम्म्या जणींच्या सोसायट्यांना सभागृह आहे. आपण वास्तू बांधालच. दोन वर्षे उशिरा, पण बांधाल.

पाटीचे म्हणाल तर नाव लावण्यात काही पाप आहे असे मी मानत नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपये देऊ केले. आईचे नाव द्यावे ही त्यांची अट होती, आणि म्हणून आज आपण त्या विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखतो. पण नाव देऊन ते घराणे घरी बसले नाही. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी पुढे कित्येक वर्षे त्या विद्यापीठाची धुरा वाहिली. येरवड्याची पर्णकुटी ती त्यांचीच. नणंदबाईंना मी एवढेच म्हटले, की सासूबाईंचे नाव लावू. पण पाटीखाली रोज बसणार कोण ते आधी ठरवू. त्या बसतात, हे सांगायला मला आनंद वाटतो.

कोणत्या कामाला पहिला मान द्यावा हे पुष्कळदा घरातले दुःखच ठरवते. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास केला, तो त्याच रोगाच्या संशोधनासाठी. आणि त्याच १९३२ साली आपली उरलेली संपत्तीही दुसऱ्या न्यासाच्या स्वाधीन केली. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले ते त्यातून. एवढी संपत्ती आपल्यापैकी कोणाची नाही. पण आपल्या घरचे दुःख घेऊन त्यात परक्याला वाटेकरी करायचे, ही रीत चार लाखांतही चालते. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. बाजाराच्या हिशेबात त्यांना कोणी फसवू शकत नसे, पण दवाखान्यात कागद पुढे आला की त्या गप्प बसत. त्यांच्या शेवटच्या आजारात ते गप्प बसणे मी जवळून पाहिले.

म्हणून आमचे दोनच विषय ठरले: खाणीवरच्या व बांधकामावरच्या मुलांचे शिक्षण, आणि दवाखान्यात अडलेली बाई.

पहिल्याविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात आम्ही मागून आलेली माणसे आहोत. आपल्या वाघोलीच्या दगडखाणींतून पुण्याच्या इमारती उठल्या. त्या दगड फोडणाऱ्यांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेने १९९७ पासून खाणीवरच पाषाण शाळा चालवल्या. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबाद भागातली सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याकडे आणली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्याच कामातून वाढले. पुढे मेळघाटातली आदिवासी मुले आली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले आली. मला यातले सर्वांत मोलाचे कोणते वाटते सांगू? भूकंपाच्या आठवड्यात धान्य आणि कांबळी पाठवणारे पुष्कळ असतात. मूल दहावी होईपर्यंत वर्षानुवर्षे जेवू घालणारे थोडे. तेव्हा कोठे पूर आला की आम्ही पहिल्या आठवड्यात काही देत नाही. लोक नावे ठेवतात. आम्ही सहा महिन्यांनी विचारतो, आता काय उरले आहे?

दवाखान्याचे मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे मला आपली गरज आहे.

पहिल्या वर्षी न्यासाकडे आजारपणाचे जे अर्ज आले ते सगळे मंजूर केले असते तर व्याज दोन महिन्यांत संपले असते. त्यातच एक अर्ज बांधकामावरच्या बाईचा होता. शस्त्रक्रियेला साठ हजार रुपये. नणंदबाई तिच्याबरोबर गेल्या. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना शंभरातल्या दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने २००६ साली तशी योजनाच घालून दिली आहे. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांतले दोन टक्के निराळ्या निधीत टाकायचे असतात. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. जीव धोक्यात असेल तर कागदांची वाट न पाहता आधी दाखल करून घ्यायचे असते. हे त्या बाईला ठाऊक नव्हते. आम्हालाही त्याच आठवड्यात नीट कळले. नणंदबाई तीन वेळा गेल्या, समाजसेवा अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या, धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात एक अर्ज दिला, आणि खाट मिळाली. न्यासाचा खर्च रिक्षाचा आणि डब्याचा.

आता सांगा, साठ हजार रुपये देणे मोठे, का तीन सकाळी देणे? आपल्याकडे चेक फाडणाऱ्याचा सत्कार होतो, बाकावर बसणाऱ्या बाईला कोणी नारळही देत नाही. दोन्ही लागते हे खरे. खाट मिळाली तरी बाहेरून आणायची औषधे असतात, घरी लहान मूल असते, बुडालेली मजुरी असते. तो खर्च न्यास करतो. पण बरोबर जाणारी बाई ठेवीच्या व्याजातून निर्माण होत नाही. पगारी माणूस ठेवून पाहावा असे दिरांचे मत आहे. मला ते तितकेसे पटत नाही. पगारी माणूस पाच वाजता उठतो. आणि शिवाय त्या खोलीबाहेर बसलेल्या बाईला शेजारीण हवी असते.

नणंदबाई एकट्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. गेल्या पावसाळ्यात दोन बायका परत गेल्या, कारण त्यांच्याबरोबर जायला कोणी नव्हते. त्यांचे पुढे काय झाले ते आम्हाला कळले नाही. त्या काम संपल्यावर दुसऱ्या साइटवर गेल्या.

तेव्हा माझी मागणी अशी. मंडळाने आमच्याकडे पैसे मागितले, मी मंडळाकडे माणसे मागते. आठवड्यातून एक सकाळ, अशा सहा जणी. मराठी वाचता यावे, हिंदी समजावी, आणि "साहेब जेवायला गेले" असे ऐकले तरी बाकावरून उठू नये, एवढीच पात्रता. शाळाप्रवेशाच्या दिवसांत याच सहा जणींनी २५ टक्के राखीव जागांचे अर्ज मजुरांच्या मुलांसाठी भरून द्यावेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्या जागा ठेवल्या आहेत, पण अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि तिथेच गाडी अडते. येण्याजाण्याचे भाडे न्यास देईल. वास्तुनिधीत त्यामुळे एक रुपयाही वाढणार नाही, हे स्पष्ट सांगते.

चिटणीसबाईंजवळ मी वही ठेवली आहे. नाव, फोन आणि कोणती सकाळ मोकळी ते लिहावे. पहिली बैठक येत्या मंगळवारी अकरा वाजता आमच्या ओसरीवर. दोघी बायकांचे अर्ज आताच हाताशी आहेत, त्यातली एक गुरुवारी जायची आहे.