ओढ्यातला मुरा काचेच्या टाकीत



शिवारातल्या ओढ्यात दगड उचलला, की बोटभर लांबीचा, अंगावर तपकिरी पट्टे असलेला मासा सुळकन दुसऱ्या दगडाखाली शिरतो. हा मुरा. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा १८३९ साली या गटातील एका जातीच्या शास्त्रीय नावात त्यांनी ‘मूरेह’ हा आपलाच शब्द घातला. मुले हौसेने असे मासे घरी आणतात आणि बरेचदा दोन-तीन दिवसांत ते मरतात. ते का मरतात आणि कसे जगवावेत, हे आज आपण पाहू.

मुरा वाहत्या, थंड पाण्यातला मासा आहे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. साचलेल्या पाण्यात याहूनही कमी असतो. त्यातच नव्या टाकीत माशांच्या विष्ठेपासून अमोनिया तयार होतो. तो पचविणारे जिवाणू वाढण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून टाकी आधी तयार करावी, मासे मागाहून आणावेत.

टाकी उंचीपेक्षा लांबीला जास्त असावी. ३ फूट लांब, १ फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत सुमारे १०० लिटर पाणी बसते. पाच-सहा मुऱ्यांना ती पुरते. तळावर जड गोटे आधी काचेवर नीट टेकवून ठेवावेत आणि मग भोवती धुतलेली बारीक वाळू पसरावी. गोटे नंतर ठेवले, तर मासे खालची वाळू उकरतात आणि गोटा कलंडतो. धारदार खडी वापरू नये. तिने माशांच्या मिशा झिजतात. लपायला कपारी ठेवाव्यात. तासाला ८०० ते १००० लिटर पाणी फिरविणारा पंप एका टोकाला बसवावा, म्हणजे ओढ्यासारखी धार मिळते. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. टाकीवर झाकण हवेच, कारण हे मासे उडी मारून बाहेर पडतात. टाकी उन्हात ठेवू नये.

नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवून, क्लोरीन उडाल्यावर वापरावे. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी परसातल्या झाडांना घालावे. खाद्य तळाला बसणारे असावे आणि ते दिवस मावळल्यावर घालावे. डासांच्या अळ्या हे मासे आवडीने खातात. मुऱ्याचे खवले अगदी बारीक व कातडीत रुतलेले असल्याने औषध त्याला लवकर बाधते. मोरचूद असलेली औषधे टाळावीत. इतर औषधे अर्ध्या मात्रेपासून द्यावीत.

आता मासे कोठून व किती आणावेत, ते पाहू. पावसाळ्यात मासे अंडी घालण्यास वर चढतात. त्या दिवसांत धरू नयेत. थंडीत पाच-सहाच आणावेत. अभयारण्यातून मासे धरण्यास बंदी आहे. अंगावर गर्द, जवळजवळ उभे पट्टे असलेला, बाजारात ‘झेब्रा लोच’ म्हणून विकला जाणारा मासा मात्र ओढ्यातून मुळीच काढू नये. सह्याद्रीतल्या नद्यांखेरीज तो जगात कोठेही नाही आणि त्याची गणना संकटग्रस्त जातींत झाली आहे. विकत आणलेले मासेही ओढ्यात सोडू नयेत. त्यांच्याबरोबर रोग जातात.

शेवटची गोष्ट आपल्या हातची आहे. सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, तर खालच्या डोहापर्यंतचे मुरे मरतात आणि त्यांचे खाद्य असलेल्या अळ्याही जातात. तेच पाणी पुढे आपली जनावरे पितात. तेव्हा पंप बांधावर धुवावा आणि धुवण ज्या पिकावर औषध मारले, त्याच पिकावर फवारून टाकावे. रिकामे डबे पाण्यात टाकू नयेत. टाकीतले पाच मुरे जपताना पाणी किती नाजूक असते, हे घरातल्या मुलांना आपोआप कळेल. त्यांना सोबत घेऊन यंदाच्या हिवाळ्यात आपल्या ओढ्यातले दोन-चार दगड उचलून पाहावेत आणि पुन्हा जागच्या जागी ठेवावेत. मुरा दिसला नाही, तर वरच्या अंगाला कोण काय धुतो, याची चौकशी अवश्य करावी.