अ‍ॅशमोलची डायरी आणि हेस्टर



11 एप्रिल 1681. इंग्लंडमधले 63 वर्षांचे एक गृहस्थ डायरीत लिहितात, की सकाळीच औषधाचा चांगला डोस घेतला, गळ्यात तीन कोळी अडकवले आणि थंडीताप पळाला. कोळी म्हणजे जाळी विणणारे, भिंतीवरचे! पुढे देवाचे आभार.

हे एलायस अ‍ॅशमोल. लिचफील्डच्या खोगीर करणाऱ्याचा मुलगा. पुढे वकील, ज्योतिषाचा नादी, जुनी नाणी आणि दस्तऐवज यांनी झपाटलेला माणूस. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय यांच्याच नावाचं, 1683 साली उघडलं.

त्यांची डायरी वाचताना मला आधी हसू यायचं. सर्दीपडसं, दातदुखी, सगळ्याची नोंद. फ्रीमेसन झाले तर 16 ऑक्टोबर 1646, दुपारी साडेचार, अशी वेळसुद्धा! पत्रिका मांडायची तर वेळ हवीच, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण मनात काय चाललंय, ते जवळजवळ कुठेच नाही.

आता ज्या वस्तूंवर हे संग्रहालय उभं राहिलं, त्या मुळात अ‍ॅशमोलच्या नव्हत्याच. लंडनजवळ लॅम्बेथला ट्रेडस्कँट नावाचे बापलेक राहत, दोघंही जॉन, दोघंही राजाचे माळी. देशोदेशींच्या झाडांबरोबर त्यांनी शिंपले, शस्त्रं, कपडे, पेंढा भरलेला डोडो पक्षी, असं काय काय जमवलं. लोक पैसे देऊन बघायला यायचे. 1656 साली त्याची छापील यादी निघाली, तिला मदत आणि खर्च अ‍ॅशमोलचा.

1659 मध्ये धाकट्या जॉनने सगळा संग्रह अ‍ॅशमोलना बक्षीसपत्राने दिला. पण 1662 साली तो वारल्यावर निघालेल्या मृत्युपत्रात संग्रह पत्नी हेस्टरकडे होता. तिच्यानंतर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, तिला योग्य वाटेल त्या विद्यापीठाला. प्रकरण कोर्टात गेलं. 1664 मध्ये निकाल अ‍ॅशमोलच्या बाजूने लागला. हेस्टरने हयातभर फक्त सांभाळायचं.

आणि 1674 मध्ये अ‍ॅशमोलनी घर घेतलं ते तिच्या शेजारचंच! दोन वर्षांनी हेस्टरने एका कागदावर सही केली, की मी यांच्याबद्दल खोटंनाटं बोलले. ती सही तिने कोणत्या मनाने केली असेल? तिची डायरी नाही, कागदपत्रं जपली ती समोरच्याने.

4 एप्रिल 1678 ची नोंद: बायकोने सांगितलं, मिसेस ट्रेडस्कँट त्यांच्या तळ्यात बुडालेल्या सापडल्या, आदल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास बुडाल्या असाव्यात. बस. कोळ्यांसाठी देवाचे आभार मानणारा माणूस इथे एक उसासाही टाकत नाही.

मी अ‍ॅशमोलना खलनायक ठरवत नाहीये. घातपाताचा काही पुरावा नाही, आणि ते नसते तर हा संग्रह कदाचित लिलावात विखुरला असता. शिवाय वर्षभरात त्यांच्याही खोल्यांना आग लागून पुस्तकं, नाणी खाक झाली. पण शेजारीण गेली, आणि तीन आठवडेही झाले नाहीत तोच, 22 एप्रिलची नोंद आहे: तिच्या घरातली चित्रं माझ्या घरी हलवली.

हेस्टरचं चित्र आज अ‍ॅशमोलियनमध्येच आहे.