हौशी बुद्धिबळपटूची प्रगती



बुद्धिबळावर बोलण्यासाठी एका कामगार कार्यकर्त्याला का बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. विदित गुजराथी याच नाशकात वाढले, २०१३ साली ग्रँडमास्टर झाले आणि २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. त्यांच्या खेळावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आमचा विषय आहे तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत, किंवा रविवारी घराच्या ओट्यावर पट मांडणारा माणूस. हा माणूस वीस वर्षे आवडीने खेळतो आणि वीस वर्षांपूर्वी होता तिथेच राहतो. असे का व्हावे?

त्याला विचारले तर उत्तर ठरलेले असते : “आमचे डोके तेवढेच!” हे उत्तर आम्हांस मान्य नाही. कारण ते पटापुरते राहत नाही. करारनामा वाचायचा असला, हिशेब तपासायचा असला, तरी तोच माणूस तेच उत्तर देतो आणि न वाचता सही करतो. म्हणून या उत्तराची तपासणी केली पाहिजे.

सुदैवाने ती झालेली आहे. १९७३ साली चेस आणि सायमन या दोन अमेरिकी संशोधकांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखवायची आणि मग ती आठवणीने मांडायला सांगायची. मुरलेल्या खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अधिक मोहरी बरोबर मांडली. मग तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली. आता दोघांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला! याचा अर्थ काय? मुरलेल्याची स्मरणशक्ती दैवी नव्हती. त्याला डावातील आकृत्या ओळखीच्या होत्या, जशी गवंड्याला भिंत ओळखीची असते. ओळख ही सवयीने वाढते. उपजत भेद माणसांत नसतातच असे आम्ही म्हणत नाही. पण ओट्यावरचा माणूस जिथे अडतो, ती जागा त्या भेदाच्या फार अलीकडे आहे.

मग सवय कोणती लावावी? पहिली गोष्ट, मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी समोरच्याची शेवटची खेळी पाहावी. आपण काय करतो? प्रतिपक्षाने घोडा हलवला तरी आपल्या मनातलाच बेत पुढे रेटतो आणि वजीर गेल्यावर कपाळाला हात लावतो. वाटाघाटीत समोरचा माणूस एखादी मागणी चटकन मान्य करतो, तेव्हा जाणता कार्यकर्ता हरखत नाही. हे का दिले, असे स्वतःला विचारतो. फुकट मिळालेल्या प्याद्याचेही तसेच आहे.

दुसरी गोष्ट, डाव लिहून ठेवावा. दहा डाव भरभर खेळण्यापेक्षा एक सावकाश खेळलेला आणि लिहिलेला डाव अधिक शिकवतो. हरल्यावर “शेवटी गडबड झाली” असे आपण म्हणतो. वही उघडली की कळते, गडबड बाराव्या खेळीलाच झाली होती. हल्ली खिशातला फोनही चूक दाखवतो, आणि यंत्राने १९९७ सालीच कास्पारोव्हसारख्या जगज्जेत्याला हरवले आहे. त्याला जरूर विचारावे, पण आधी स्वतः शोधून मग. उत्तर आधी पाहून गणित करणाऱ्या मुलाला गणित येत नाही.

तिसरी गोष्ट, अखेरचा डाव शिकावा. हौशी माणूस आरंभीच्या चाली पाठ करतो आणि राजा-प्याद्याचा साधा डाव बरोबरीत सोडतो. एकच नियम सांगतो. आपला राजा आपल्या प्याद्याच्या पुढे, आपल्या बाजूने मोजता सहाव्या ओळीत पोचला, आणि प्यादे सुरक्षित त्याच्या लगेच मागे असले, तर समोर एकटा राजा असताना खेळी कोणाचीही असो, डाव जिंकता येतो. अपवाद फक्त पटाच्या अगदी कडेच्या प्याद्याचा. घरी पट मांडून पाहा. अर्ध्या तासात हे कळते, आणि जन्मभर पुरते.

चौथी गोष्ट, आपल्याहून थोड्या सरस माणसाशी खेळावे. नेहमीच्या गड्याला हरवण्यात सुख आहे, शिक्षण फार नाही. सुलतान खान पंजाबातून १९२९ साली विलायतेस गेला, तो देशी नियमांवर वाढलेला. त्या नियमांत प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाता येत नसे. परक्या नियमांनी, परक्यांशी खेळत त्याने त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले, आणि पुढे १९३२ व १९३३ सालीही.

आता भगिनींविषयी दोन शब्द. कित्येक घरांत भाऊ पट मांडतो आणि बहीण चहा करते. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी हा रिवाज मोडला. १९७४ साली स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा वाद झाला. त्या मागे हटल्या नाहीत, आणि १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. चहा भावानेही करावा, एवढेच आमचे म्हणणे!

या साऱ्याने तुम्ही ग्रँडमास्टर व्हाल काय? बहुधा नाही. कामावरून थकून आलेल्या माणसाला तेवढा वेळ कुठला? पण हरलो तो कुठे आणि कशामुळे, हे ज्याला स्वतःच्या वहीत सापडले, तो “आमचे डोके तेवढेच” असे पुन्हा सहजासहजी म्हणणार नाही. आणि उद्या एखादा कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी तो शेवटपर्यंत वाचील, अशी आम्हांस आशा आहे.