नव्या सरकारने तिसरे कलम बदलावे काय?



आज आम्ही घोषणा द्यायला उभे नाही. घोषणा तुम्हाला आमच्यापेक्षा चांगल्या येतात. आज एका कलमाविषयी बोलायचे आहे. घटनेचे कलम म्हटले की माणूस जांभई देतो. म्हणतो, हे वकिलांचे काम, आपल्याला काय त्याचे? पण हे कलम कोर्टात बसून राहणारे नव्हे. ते तुमच्या दारात येते. गावाची पाटी बदलते, पोराच्या शाळेची भाषा बदलते, सरकारी कागद कोणत्या लिपीत मिळायचा तेही तेच ठरवते. निपाणी-खानापूरकडच्या माणसाला हे सांगायला नको. तो हे रोज भोगतो.

ते आहे भारतीय राज्यघटनेचे तिसरे कलम. नवे राज्य करायचे, जुने तोडायचे, दोन जोडायची, सीमा हलवायची, नाव बदलायचे, हे सारे अधिकार या एका कलमाने संसदेला दिले आहेत. तेही साध्या बहुमताने! घटनेत बदल करायचा तर दोन तृतीयांश मते लागतात. एखादे राज्य नकाशावरून पुसायचे तर निम्म्याहून एक मत जास्त पुरते. राज्याच्या विधानसभेला काय अधिकार? मत सांगण्याचा. संमती देण्याचा नव्हे. आणि १९५५ साली पाचवी दुरुस्ती करून त्या मतालाही मुदत घातली. मुदतीत उत्तर आले तर बरे. नाही आले तरी गाडी पुढे.

आता सवाल असा. दिल्लीत सरकारे येतात, जातात. प्रत्येक नवे सरकार राज्यांच्या हक्कांची भाषा बोलत येते. हे कलम दुरुस्त करावे, राज्याच्या संमतीवाचून त्याच्या सीमेला हात लावू नये, ही सूचना आजची नाही. नव्या सरकारने ती स्वीकारावी काय? आमचे उत्तर आहे, होय, स्वीकारावी. पण जशी मांडली गेली तशी नव्हे. का, ते ऐका.

नोटीस एका नकाशाची, कब्जा दुसऱ्याचा

समजा, तुमच्या शेताची वाटणी आहे. तलाठी नोटीस घेऊन आला. नोटिशीत लिहिले, तीन वाटे करायचे आहेत, तुमचे म्हणणे काय? तुम्ही घरात बसून चर्चा केलीत, भांडलात, म्हणणे लिहून दिलेत. आणि मोजणीच्या दिवशी पाहता तो वाटे तीन नाहीतच! सगळे शेत शेजाऱ्याच्या शेताला जोडून एकच गट केलेला. तुम्ही म्हणालात, ‘अहो, हे तर आम्हाला विचारलेच नव्हते!’ तर उत्तर मिळाले, ‘विचारले होते की. शेताबद्दलच विचारले होते ना?’

मंडळी, ही गोष्ट आम्ही रचलेली नाही. १९५६ साली आपल्याशी हेच घडले. राज्य पुनर्रचनेचे जे विधेयक आले त्यात गुजरात वेगळा, महाराष्ट्र वेगळा आणि मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात, असे तीन वाटे होते. मुंबईच्या विधानसभेने मत दिले ते या तीन वाट्यांवर. संसदेत मात्र ऑगस्टमध्ये सारा नकाशाच फिरला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला जन्माला आले ते विशाल द्वैभाषिक. त्याविषयी विधानसभेला कोणी विचारले होते? कोणी नाही. बाबुलाल पराते यांनी हा सवाल न्यायालयात नेला. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विधेयक एकदा विधानसभेकडे जाऊन आले म्हणजे झाले. पुढे संसदेने त्यात संबंधित अशी दुरुस्ती केली तर ते पुन्हा पाठवायची गरज नाही.

निकाल कायद्याप्रमाणे असेल. न्यायालयाला आम्ही दोष देत नाही. दोष त्या कायद्याचा, जो नोटीस एका नकाशाची देतो आणि कब्जा दुसऱ्याचा घेतो. द्वैभाषिक मोडले ते या कलमाच्या कृपेने नव्हे. ते मोडले रस्त्यावर सांडलेल्या रक्ताने आणि १९५७ च्या मतपेटीने. १ मे १९६० चा दिवस उजाडायला शंभरावर हुतात्मे द्यावे लागले. एका प्रश्नाची किंमत एवढी? ‘बाबांनो, तुम्हाला काय हवे?’ हा तो प्रश्न, जो कोणी विचारला नाही.

नकाशा तेव्हा ओला होता

घटनाकारांनी हे कलम असे का लिहिले? त्यांच्यावर आम्ही आरोप करणार नाही. त्या वेळी शेकडो संस्थाने विलीन होत होती, फाळणीची जखम ताजी होती, नकाशाची शाई ओली होती. अशा वेळी खोडरबर दिल्लीच्या हाती असावे हे समजण्यासारखे आहे. तरीसुद्धा नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी सुचवले होते की असा प्रस्ताव संबंधित राज्याच्या विधिमंडळातूनच निघाला पाहिजे. ते मान्य झाले नाही.

आता ती शाई वाळली. पण खोडरबर अजून तिथेच आहे! ३० जानेवारी २०१४ ला आंध्र प्रदेशच्या विधानसभेने राज्य विभाजनाचे विधेयक फेटाळले. पुढल्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरबाबत तर मत विचारायला विधानसभाच नव्हती. ती नोव्हेंबर २०१८ मध्ये बरखास्त झाली होती. राष्ट्रपती राजवटीत राज्याच्या विधिमंडळाच्या जागी संसदच बसली, आणि संसदेने संसदेलाच विचारले, ‘काय, पसंत आहे ना?’ संसद म्हणाली, ‘आहे!’ एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. आणि गंमत पाहा, सीमा बदलायला विधिमंडळाची संमती लागेल अशी खास अट १९५४ पासून याच एका राज्यासाठी होती. ती अटही त्याच आठवड्यात गेली. ३७० कलम असावे की नसावे यावर तुमचे-आमचे मतभेद असतील. तो आजचा विषय नाही. विषय एवढाच की एखाद्या राज्याचा राज्य म्हणून असलेला दर्जा त्याला न विचारता काढून घेता येतो. ११ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा दर्जा लवकरात लवकर परत द्या असे सांगितले. पण सबंध राज्य असे उतरवता येते काय, या प्रश्नाचा कायमचा निकाल दिला नाही. म्हणजे ही तलवार टांगलेलीच राहिली. आज त्यांच्यावर, उद्या आणखी कोणावर.

सरकार नवे असते तोवरच

आता नव्या सरकारची गोष्ट. मार्च १९७७ मध्ये दिल्लीत जनता सरकार आले. आणीबाणीचे चटके खाऊन, तुरुंग भोगून आलेली माणसे. त्यांनी घटनेत मोठी दुरुस्ती केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणी लादणे अवघड केले, जगण्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे लिहून ठेवले. हे काम सोन्यासारखे झाले, ते कबूल केलेच पाहिजे. घटनेच्या मूलभूत गोष्टी बदलायच्या तर जनतेचा कौल घ्यावा, असेही त्यांनी सुचवले होते. राज्यसभेत त्यांचे बहुमत नव्हते. ते तिथे पडले.

त्याच वर्षी, १९७७ च्या अखेरीस, पश्चिम बंगालच्या सरकारने केंद्र-राज्य संबंधांवर निवेदन काढले. त्यात मागणी होती की राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून राज्याचे नाव वा क्षेत्र बदलता येऊ नये. नव्या सरकारने तिसऱ्या कलमाला हात लावला काय? नाही लावला. पंतप्रधान कोण होते? मोरारजी देसाई. १९५६ साली द्वैभाषिकाचा नकाशा फिरला तेव्हा मुंबईचे मुख्यमंत्री कोण होते? तेच! पण सगळे खापर त्यांच्यावर फोडून आम्ही मोकळे होणार नाही. एस. एम. जोशींसारखी संयुक्त महाराष्ट्राची माणसे त्या पक्षाच्या उभारणीत होती. आम्हीही विसरलो. आपले राज्य मिळाले, मुंबई मिळाली. जे कलम आपल्या मानेवर बसले होते ते पुढे कोणाच्या मानेवर बसेल याची चिंता आम्ही केली नाही. गरज सरो, वैद्य मरो!

१९७९ च्या जुलैत ते सरकार गेले. यातून धडा काय? सरकार नवे असते तोवरच स्वतःचे हात बांधून घ्यायला तयार असते. एकदा खुर्ची उबली की खोडरबर सोयीचे वाटू लागते. म्हणून ही दुरुस्ती पहिल्या वर्षात झाली तर होईल, नाहीतर पुढच्या जाहीरनाम्यात जाईल.

पण थांबा, दुसरी बाजूही ऐका

तुम्ही टाळ्या वाजवण्याआधी एक कडू गोष्ट सांगतो. ‘विधानसभेची संमती हवी’ एवढेच वाक्य घटनेत घातले तर काय होईल?

अखंड आंध्रच्या विधानसभेत २९४ जागा. त्यांत तेलंगणाच्या ११९. तेलंगणाने जन्मभर हात वर केले असते तरी संमती मिळाली नसती. कर्नाटकाच्या विधानसभेत २२४ जागा. बेळगाव जिल्ह्याच्या १८. आता सांगा, बेळगावच्या मराठी माणसाला त्या सभागृहातून संमती कधी मिळेल? म्हणजे दिल्लीच्या जुलमातून सुटायला जी कुलूपकिल्ली आपण करतो आहोत, त्याच कुलपात आपलेच सीमाबांधव कायमचे अडकतील! २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. उद्या तिथून ‘संसदेकडे जा’ असे सांगितले गेले आणि संसदेच्या दारावर बेंगळुरूचे कुलूप असले तर?

आणि प्रामाणिकपणे बोलायचे तर आणखी एक आकडा आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा, विदर्भाच्या ६२. विदर्भ आपल्यात राहावा ही आमची तळमळ आहे. पण तो प्रेमाने राहावा, २८८ च्या कुलपाने नव्हे. जो न्याय बेळगावला मागतो तो नागपूरला नाकारला तर आमचे तोंड काळे होईल.

मग दुरुस्ती कशी हवी?

आमच्या मागण्या चार आहेत. साध्या आहेत, घरी जाऊन सांगता येतील अशा आहेत.

एक. ज्या नकाशावर विधानसभेचे मत घेतले तोच नकाशा मंजूर व्हावा. मूळ योजना बदलली तर विधेयक परत विधानसभेकडे गेले पाहिजे.

दोन. विधानसभा बरखास्त असताना किंवा राष्ट्रपती राजवट असताना त्या राज्याच्या सीमेला आणि दर्जाला हात लावू नये. घरधनी नसताना वाटणी नाही!

तीन. राज्याचा दर्जा उतरवून त्याला केंद्रशासित करायचे तर तिथल्या विधानसभेची संमती हवीच हवी. इथे नुसते मत पुरणार नाही.

चार. एखादा मुलूख वेगळे होऊ मागतो किंवा शेजारच्या राज्यात जाऊ मागतो, तेव्हा त्या मुलुखातल्या लोकांचा कौल कायद्याने घ्यावा. मोठ्या सभागृहाचा नकार त्या कौलावर मात करू शकणार नाही, असे घटनेत लिहावे.

कोणी म्हणेल, असा कौल घेता येतो काय? घेतलेला आहे! १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात घेतला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. आम्ही हरलो. त्या रात्री अनेक घरांत चूल पेटली नाही. पण गोव्यात गोळीबार करून निकाल लागला नाही, मते मोजून लागला. तो निकाल आम्हाला कडू लागला, तरी रीत खरी होती. जिंकलो तरच कौल मान्य असे म्हणणारा लोकशाहीवाला नव्हे.

कोणी म्हणेल, मग गल्लीगल्लीत कौल घ्याल! नाही. त्यालाही कसोटी आहे. आंध्र-मद्रास सीमेचा वाद ह. वि. पाटसकर यांनी सोडवला तो खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत या तत्त्वांवर. १९५९ साली संसदेने त्यावर कायदाही केला. हीच तत्त्वे कलमात लिहा. मग बेटाबेटासारखी गावे मागता येणार नाहीत, आणि सलग मुलूख नाकारताही येणार नाही.

एकीचे काय?

शेवटचा आक्षेप नेहमीचा. यामुळे देशाची एकी ढिली होईल! मंडळी, हेच आम्हाला १९५६ साली सांगितले होते. भाषावार राज्ये झाली तर देश फुटेल म्हणत होते. राज्ये झाली. देश फुटला काय? उलट, आपल्या भाषेत कारभार मिळालेला माणूस देशाला अधिक घट्ट बिलगला. देश ढिला होतो तो न विचारल्याने. ज्याला विचारले जाते तो हरला तरी घरातला राहतो. ज्याला विचारले जात नाही तो जिंकला तरी मनातून पाहुणाच राहतो.

तेव्हा, बंधुभगिनींनो, उद्या तुमच्या दारी मत मागायला जो येईल त्याला हार घालण्याआधी हा कागद त्याच्या हाती द्या. पक्ष कोणताही असो. त्याला विचारा, ‘दिल्लीत तुमचे सरकार आले तर पहिल्या वर्षात तिसरे कलम दुरुस्त कराल काय? बेळगावला विचाराल काय? आणि उत्तर तुमच्या सोयीचे आले नाही तरी मानाल काय?’

तो ‘बघू’ म्हणाला, तर तुम्हीही मतदानाच्या दिवशी ‘बघू’ म्हणा.

जय महाराष्ट्र! जय हिंद!