देवडीवरचा कारकून

गणेशचतुर्थी अजून दोन महिने दूर असते, तोंच मुंबईंत राहणारा लांज्याचा चाकरमानी सकाळीं घड्याळाकडे डोळे लावून बसतो. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सलग सुरू झाली. आडवली व विलवडे हीं तिचीं स्थानकें लांजा तालुक्यांतच आहेत. वाटेचा प्रश्न सुटला, तिकिटाचा मात्र उरला. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस अगोदर सकाळीं ८ वाजतां खुलें होतें. (नोव्हेंबर २०२४ पूर्वीं ही मुदत १२० दिवसांची होती.) २००२ सालापासून तिकीट घरबसल्या मागवितां येऊं लागलें, म्हणून खिडकीपुढची रांग नाहींशी झाली असें कोणी समजूं नये. ती आतां इंटरनेटवरून एकाच दाराशीं येते, आणि तीहि एकाच क्षणीं.

अशा कोणत्याहि मोठ्या कचेरीच्या देवडीवर वेब सर्व्हर नांवाचा एक कारकून बसलेला असतो. तो स्वतः तिकीट देत नाहीं. आंत सारख्याच कामाचीं अनेक यंत्रें असतात; त्यांस ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. आलेली विनंति त्यांपैकीं एकाकडे धाडावयाची, हें याचें मुख्य काम. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्यानें २००४ सालीं प्रसिद्ध केलेला एन्जिनएक्स, किंवा त्याहून जुना अपाची, हे असे कारकून. एका साध्या फाइलींत आंतील यंत्रांचे पत्ते लिहून दिले, कीं एन्जिनएक्स पाळीपाळीनें विनंत्या वांटूं लागतो. दणकट यंत्रास अधिक वांटा द्या, असेंहि लिहितां येतें.

येथवर सोपें आहे. अडचण आहे ती स्मरणाची. गृहस्थानें आई, पत्नी व दोन मुलें यांचीं नांवें आणि वयें भरलीं. तीं तिसऱ्या यंत्राच्या स्मरणांत राहिलीं. पुढची विनंति पाळीप्रमाणें चौथ्याकडे गेली. चौथें यंत्र विचारतें, आपण कोण? यावर टॉमकॅट नांवाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरांत एक तोड आहे. ग्राहकाला दिलेल्या सेशनच्या क्रमांकापुढें एक टिंब व त्यापुढें यंत्राचें नांव जोडावयाचें. अपाची तें नांव वाचून त्याला त्याच यंत्राकडे परत धाडतो. मात्र देवडीवरच्या फाइलींतील नांव व यंत्रावरील नांव यांत एका अक्षराचाहि फरक पडला, कीं सारें व्यर्थ. चाचणीच्या वेळीं एकच यंत्र चालूं असेल तर ही चूक दिसतहि नाहीं. दिसते ती नेमकी गर्दीच्या दिवशीं. दुसरी युक्ति ग्राहकाचा इंटरनेटवरील पत्ता पाहून यंत्र ठरविण्याची. ती फसवी आहे. एका मोबाइल कंपनीचे सहस्रावधि ग्राहक बाहेरून थोड्याच पत्त्यांचे दिसतात, आणि मग एक यंत्र घामाघूम व शेजारचें स्वस्थ, असा प्रकार होतो.

यंत्रच बंद पडलें तर? एन्जिनएक्स, वेगळें कांहीं न सांगितल्यास, एका अपयशानंतर १० सेकंद त्या यंत्राकडे कोणास पाठवीत नाहीं. पण त्या यंत्राबरोबर भरलेलीं नांवेंहि गेलीं! म्हणून शहाणे व्यवस्थापक तीं सर्व यंत्रांस पाहतां येतील अशा सामाईक दप्तरांत ठेवतात. प्रत्येक यंत्रानें आपली वही इतर सर्वांस उतरून द्यावी, हाहि एक मार्ग आहे. परंतु यंत्रें वाढलीं कीं त्या नकलांचेंच ओझें होतें.

पैशाच्या बाबतींत हा कारकून फार सावध. साधें पान मागणारी विनंति अडली, तर एन्जिनएक्स ती आपण होऊन दुसऱ्या यंत्राकडे नेतो. पैसे भरण्यासारखी विनंति एकदां आंत गेल्यावर नेत नाहीं. पहिल्या यंत्रानें पैसे घेतले असतील आणि उत्तर देण्यापूर्वींच तें कोसळलें असेल, तर रक्कम दोनदां वळती व्हावयाची. म्हणून पडदा गोठला तर चाकरमान्यानें कळ लगेच पुन्हां दाबूं नये. आधीं बँकेचा संदेश व आपल्या तिकिटांची यादी पाहावी.