मथळ्याची अक्षरे आणि वाचणारे डोळे
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त साहित्याच्या अध्यापकाने ग्रंथांविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्या अक्षरांतून ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचतो, त्या अक्षरांच्या रूपाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून आज मी एका देखण्या अक्षरवळणाची कथा सांगणार आहे. तिचा नायक आहे इटलीतील मुद्रक जांबात्तिस्ता बोदोनी.

बोदोनीचा जन्म १७४० मध्ये सालुत्सो येथे एका मुद्रकाच्या घरी झाला. तरुणपणी तो रोममधील ‘प्रोपागांदा फीदे’ या धर्मप्रसारक संस्थेच्या छापखान्यात काम करू लागला. पौर्वात्य लिप्यांचा त्याला परिचय झाला तो तेथेच. याच छापखान्यातून पुढे १७७१ मध्ये देवनागरी खिळे वापरलेले एक पुस्तक निघाले. तोवर बोदोनी रोम सोडून गेला होता. १७६८ पासून तो पार्माच्या ड्यूकच्या राजमुद्रणालयाचा प्रमुख होता.

त्याआधीच्या रोमन अक्षरांत बोरूच्या तिरक्या टोकाची आठवण शिल्लक होती. जाड रेषा हळूहळू बारीक होत जाई. इंग्लंडात जॉन बास्करव्हिल याने गुळगुळीत कागद आणि गडद शाई वापरून नाजूक रेषाही स्वच्छ उमटविता येतात, हे दाखवून दिले. पॅरिसमधील दिदो घराणे आणि बोदोनी यांनी ही वाट शेवटापर्यंत नेली. उभी दांडी भरघोस, आडवी रेषा केसासारखी, आणि दोहोंचा सांधा काटकोनात. भोवती ऐसपैस समास आणि ओळींमध्ये मोकळी जागा ठेवली, की असे पान संगमरवरावरील शिलालेखासारखे भासे. बोदोनी १८१३ मध्ये वारला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ त्याची पत्नी मार्गेरीता हिने १८१८ मध्ये प्रसिद्ध केला.

आजही ‘व्होग’ किंवा ‘हार्पर्स बझार’ यांसारख्या नियतकालिकांच्या नावांत हेच घराणे मिरवते. मथळ्याला ते शोभते. पण तेच अक्षर लहान करून मजकुराला वापरले, की बारीक रेषा पुसट होतात आणि पानावर उभ्या दांड्यांचे कुंपण तेवढे उरते. शिशाच्या खिळ्यांच्या काळी प्रत्येक आकारासाठी ठसा वेगळा कोरावा लागे, आणि जाणता कारागीर लहान आकारात बारीक रेषा किंचित जाड ठेवी. पुढे एकच रेखाटन लहानमोठे करण्याची सोय झाली, आणि हा विवेक सुटला. म्हणूनच गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘हार्पर्स बझार’साठी दिदो वळणाची अक्षरे नव्याने घडविताना जोनाथन हॉफ्लर यांनी ती सात निरनिराळ्या आकारांसाठी वेगवेगळी रेखाटली.

देवनागरीत ही तफावत बोरूतूनच आलेली आहे. मात्र तिची जागा निराळी. आपल्या बोरूची कत उलट्या बाजूने असल्याने जाड-बारीक वळणे रोमनसारखी पडत नाहीत. बोदोनीचा नियम आपल्या अक्षरांना जसाच्या तसा लावला, तर पहिला बळी शिरोरेषेचा जाईल. आपण बडोदेकर गुजराती पाट्या वाचतच वाढलो. शिरोरेषेवाचूनही अक्षर उभे राहते, हे आपण जाणतो. पण ती लिपी तशीच घडलेली आहे. मराठी शब्द मात्र शिरोरेषेला धरून असतो. ती केसाएवढी झाली, की शब्द विस्कटतो.

हे शहाणपण मला एका चुकीतून आले. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संपादन माझ्याकडे होते. संगणक नवा होता आणि हौस दांडगी. एका दिवंगत शिक्षकांवरील स्मृतिलेखासाठी मी फार नाजूक, डौलदार वळण निवडले, आणि पाने वाचविण्यासाठी ते बारीकही केले. अंक पाहून सर्वांनी वाहवा केली. काही दिवसांनी त्या शिक्षकांच्या पत्नी याच वाचनकक्षात भेटल्या. अंक पुढे करून म्हणाल्या, ‘‘सर, ह्यांच्याविषयी फार छान लिहिलंय म्हणतात. मला अक्षर लागत नाही. जरा वाचून दाखवता?’’

मी वाचून दाखविले. मध्ये दोनदा मलाच अंक खिडकीच्या उजेडात धरावा लागला. त्या माउलींनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. लेख संपल्यावर अंक पिशवीत ठेवून म्हणाल्या, ‘‘आता कळलं.’’ जो लेख त्यांनी एकांतात, हवा तेव्हा, हवा तितक्यांदा वाचायचा, तो माझ्या हौसेपायी त्यांना चारचौघांत ऐकावा लागला.

श्रोतेहो, बोदोनीला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपली अक्षरे राजदरबारासाठी घडविली, मोठ्या पानावर मांडली. चूक अक्षराची नव्हती, जागेची होती. आपल्या स्मरणिकेची मांडणी सध्या ठरत आहे. मुखपृष्ठावर हवे तेवढे डौलदार अक्षर येऊ द्या. शंभर वर्षांनी एकदा मिरवण्याचा हक्क या संस्थेला आहे. आतील पानांचा एक नमुना मात्र छपाईला जाण्यापूर्वी येथे संध्याकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या हाती द्यावा. त्यांनी तो भिंग न घेता वाचला, तर अक्षर योग्य समजावे.