ड्यूटी संपते कुठे?

परिषदेचे अध्यक्ष, पाहुणे, वकील-डॉक्टर मंडळी आणि कामावर हातपाय गमावूनही इथवर आलेल्या कामगार बंधू-भगिनींनो,

आमच्या स्वागत समितीने अंधेरीतलं हे सभागृह मुद्दाम तळमजल्यावरचं घेतलंय. भाडं जास्त पडलं, खजिनदार अजून कुरकुरताहेत. पण कुबड्या घेऊन येणाऱ्यांना जिना कसा दाखवायचा?

अंधेरी निवडली त्यालाही कारण आहे. 20 जुलै 1957 च्या संध्याकाळी बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोत गाडी लावून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. घोडबंदर रस्त्यावर, इथल्याच इर्ला पुलाजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली. सहा दिवसांनी तो गेला. बेस्टचं म्हणणं, ड्यूटी तर संपली होती! भरपाई आयुक्तांकडे त्याची विधवा हरली, उच्च न्यायालयात जिंकली, आणि 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तिच्या बाजूने कौल दिला. चालकांना बसचा प्रवास मोफत होता तो बेस्टचं काम वेळेवर चालावं म्हणून. तेव्हा तो प्रवासही नोकरीतच धरला गेला. आज घर ते कारखाना वाटेतला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, कायद्यात बसतो.

मग घोडं अडतं कुठे? कारखान्याच्या आतच. मरोळ, साकीनाका, भांडुपच्या गाळ्यांत प्रेसखाली बोटं गेली की ठेकेदार खासगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो आणि केसपेपरवर ‘घरी पडला’ असं लिहून घेतो. वर आपणच म्हणतो, शेठ देवमाणूस!

त्या देवमाणसाचा हिशेब पाहा. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरतात. वय 30, पगार 15,000. त्याचे 60 टक्के 9,000, गुणिले त्या वयाचा गुणांक 207.98, आणि त्याचे 30 टक्के. सुमारे 5 लाख 61 हजार रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हिशेबाची रीत तीच राहिली. ईएसआयचं कार्ड असेल तर कायमच्या अपंगत्वाला जन्मभर दरमहा पैसे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: अपघाताची नोंद कुठे आहे?

ज्यांच्या केसपेपरवर खोटं लिहिलंय, त्यांनी जेवणाआधी दाराजवळच्या टेबलावर नाव द्यावं. दुपारी वकील मंडळी एकेकाचे कागद पाहतील. झेरॉक्सचे पैसे समिती देणार आहे.